दिवा लागला नव्हता

शुक्रवार, १३ मार्च १९६४. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि कृष्णवेणीबाई हंचाटे लाल दिव्याचं बटण दाबून बघत होत्या. काचेपलीकडच्या खोलीत माईकच्या टेबलावर बसवलेला लिंबाएवढा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. समाधान झाल्यावर त्यांनी कल्लाप्पाला पंखा बंद करायला सांगितला. पंख्याची घरघर टेपवर उतरते, त्यामुळे परीक्षेच्या दिवशी मल्लेश्वरमच्या त्या कॉलेजातला स्टुडिओ दहा वाजेपर्यंत भट्टी होऊन जायचा. भिंतींना गोणपाट, जमिनीवर काथ्याच्या चटया, खिडकी नाही. कल्लाप्पा टेपरेकॉर्डर चालवायचा. तो सदरा काढून बनियनवर बसायचा. कृष्णवेणीबाईंच्या पातळाला सुरकुती नसायची.

रेडिओचे कार्यक्रम तयार करायला शिकवणारा दोन वर्षांचा डिप्लोमा या कॉलेजात पाच वर्षांपूर्वी सुरू झाला. त्याची प्रात्यक्षिक परीक्षा कशी घ्यायची ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कृष्णवेणीबाईंनी ठरवलं.

उमेदवारानं शहरातला कुणीही एक पाहुणा आणायचा. त्याला समोर बसवून सात मिनिटं बोलतं करायचं. भाषा कोणतीही, फक्त परीक्षकाला यायला हवी. आणि कृष्णवेणीबाईंना पाच येत होत्या. पाहुणा कोण ते त्यांना आधी सांगायचं नाही. घरी रेडिओ लावणाऱ्याला कुठे माहीत असतं कोण बोलणार आहे? त्या काचेमागे अंधारात बसून ऐकायच्या. आता घरच्या माणसाचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला असता, असं वाटलं की त्या लाल दिवा लावायच्या. दिवा लागला की परीक्षा संपली. दिव्याशिवाय जेवढी मिनिटं गेली त्या प्रत्येकाचे दहा गुण. पस्तीसला पास. सात मिनिटं पुरी झाली तर शेवटी दिवा लागायचाच. पण तिथवर पाच वर्षांत कुणी पोहोचलं नव्हतं.

इतर स्टुडिओंमध्ये लाल दिवा माईक चालू झाल्याची खूण असतो. या कॉलेजाला दिवा एकच मिळाला होता, आणि त्याला हे दुसरं काम दिलं गेलं. इथे तो लागला की बोलणाऱ्यानं समजायचं, पुरे.

त्यानंतरचा भाग विद्यार्थ्यांना जास्त जड जायचा. टेप लगेच शेजारच्या वर्गात सगळ्यांसमोर वाजवली जायची. पाहुणा पहिल्या बाकावर बसलेला असायचा. कृष्णवेणीबाई उभ्या राहून कुठे काय चुकलं ते सांगायच्या आणि गुण मोठ्यानं वाचायच्या. मग कल्लाप्पा टेप पुसायचा आणि पुढच्या उमेदवारासाठी तीच पुन्हा चढवायचा. टेप परदेशातून यायची, नव्या रिळाला परवाना लागायचा.

कृष्णवेणीबाई तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. जन्म त्याच शहरातल्या चिकपेटचा. वडील नागनाथराव, घरात अण्णा, साड्यांचं दुकान. त्यांचे वडील रंगारी. घरात मराठी, दुकानात कन्नड. मुलीला गळा नव्हता पण उच्चार लखलखीत होते. रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात बोलायचं हंगामी काम तिला मिळालं आणि ते बरीच वर्षं टिकलं. सत्तावन्न साली कायम करण्यासाठी आवाजाची चाचणी झाली. पडद्यामागे तीन माणसं बसली होती. तिचं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत पडद्यामागून आवाज आला, "बस."

ओळखीचे लोक त्यांच्या कडकपणाचं मूळ तिथे शोधतात. त्यांना स्वतःला ते मान्य नव्हतं. "त्यांनी बरोबरच थांबवलं," त्या म्हणायच्या. "मी कंटाळवाणी होते. मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं."

त्यांनी कुणाला सवलत दिली असंही दिसत नाही. कॉलेज चालवणाऱ्या मंडळातल्या एका मोठ्या माणसाचा मुलगा वडिलांनाच पाहुणा म्हणून घेऊन आला होता. पहिलं मिनिट संपायच्या आत दिवा लागला. मंडळात आरडाओरड झाली. मग त्याच माणसानं सांगितलं, बाईंना काढू नका, त्या कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत असं सांगून आपण मुलं मिळवू. तसंच झालं.

त्या शुक्रवारी आठव्या क्रमांकाची, दिवसातली शेवटची उमेदवार होती कौशल्या. वय बावीस, चिकपेटेत हंचाट्यांच्याच गल्लीत राहणारी. गल्लीत ती त्यांना वेणीअक्का म्हणायची, कॉलेजात मिस. तिची ही दुसरी खेप होती आणि तिसरी मिळत नसे. शहराबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कामगारांसाठी ध्वनिक्षेपकावर कार्यक्रम व्हायचा. त्यासाठी बाई हवी होती. कौशल्याचा आवाज त्यांना पसंत होता. पास झाल्याचं कळवा, जागा धरून ठेवतो, असं त्यांनी सांगितलं होतं. नापास झाली तर दावणगेरीचा मामा होता. आईचा सर्वांत धाकटा भाऊ, अडतीस वर्षांचा, पहिली बायको वारलेली. भाचीशी लग्नाचा मामाचा हक्क त्या घरात कुणी वादाचा धरत नव्हतं. वडिलांनी परीक्षेपुरती मुदत दिली होती.

पहिल्या खेपेला तिनं आपले काका सत्यनारायणराव आणले होते. निवृत्त हेडक्लार्क. इस्त्रीचा कोट, जरीचा रुमाल डोक्याला, खिशात लिहून आणलेलं भाषण. दुसऱ्या मिनिटाला दिवा लागला. काकांना त्याचा अर्थ आठवला नाही, ते वाचतच राहिले. नंतर भरल्या वर्गात, त्यांच्याकडे बघत कृष्णवेणीबाई म्हणाल्या होत्या, "कौशल्या, यांच्याऐवजी रिकामी खुर्ची आणली असतीस तरी चाललं असतं. खुर्ची निदान खोकत नाही." वर्ग हसला. तिची फी काका भरत होते. त्या दिवसानंतर ते तिच्या घरी आले नाहीत.

या वेळी ती दारातून आत आली तेव्हा तिच्या हाताला धरून चंद्राबाई होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, ठेवणीतलं इरकल नेसलेल्या, डोक्यावरून पदर. कृष्णवेणीबाईंची आई.

काचेमागे कल्लाप्पानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "मिस, ह्या तर..."

"मशीन चालू कर," कृष्णवेणीबाई म्हणाल्या.

चंद्राबाईंना या कॉलेजची परीक्षा माहीत नव्हती. त्यांना मुलीचे जुने दिवस माहीत होते. वेणी रेडिओवर बोलायची तेव्हा घरी येऊन सांगायची, लाल दिवा लागला की श्वासपण जपून घ्यायचा, गावभर ऐकू जातं. दिवा नसला तर काही बोला, कुणी ऐकत नाही. हे चंद्राबाईंनी गल्लीतल्या प्रत्येक बाईला अनेकदा सांगितलं होतं. कौशल्या ते ऐकतच मोठी झाली होती. चार दिवसांपूर्वी तिनं आज्जींना विचारलं, माझ्या परीक्षेला येता काय, रेडिओवर बोलतात तसं बोलायचं, फक्त वेणीअक्काला सांगायचं नाही, नियम आहे. चंद्राबाई हरखल्या. त्यांनी बोलायचं पाठसुद्धा केलं.

खोलीत शिरल्यावर त्यांनी टेबलावरचा दिवा बघितला. काच होती, पण पलीकडे अंधार असल्यानं त्यांना तीत स्वतःचंच इरकल दिसलं. टेपवरचं पहिलं वाक्य त्यांचं होतं.

"दिवा लागला काय गं?"

"नाही आज्जी."

"मग बसू या की तोवर."

काचेमागे कृष्णवेणीबाईंच्या लक्षात तेव्हाच आलं, आई दिव्याचा जुनाच अर्थ धरून बसली आहे. बोट बटणावर होतं. दाबलं असतं तर आई त्या क्षणी सावध झाली असती. आणि कौशल्या शून्यावर नापास झाली असती.

"आज्जी, वेणीअक्का रेडिओवर बोलायची तेव्हा घरी कोण कोण ऐकायचं?"

"पहिल्या दिवशी गल्ली लोटली होती. मग अण्णा एकटे दुकानात लावायचे. तेही बंद केलं."

"का हो?"

"अगं, बाया साडी बघायच्या सोडून घड्याळ बघायच्या. ही बोलायला लागली की गिऱ्हाईक चप्पल शोधतंय. अण्णा म्हणाले, वेणीला सांगू नको, रेडिओ बिघडला म्हण. सात वर्षं बिघडलेला होता तो."

कल्लाप्पाला मराठी येत नव्हतं. तो मशीनवरच्या, आवाज मोजणाऱ्या सुया बघत होता. सुया छान हलत होत्या.

कौशल्यानं लग्नाचं विचारलं. चंद्राबाईंनी पदर सावरला, दिव्याकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज थोडा उतरवला. कौशल्यानं माईक बोटभर पुढे सरकवला.

"तीन स्थळं आली. हुबळीचा मुलगा तर चांगला होता गं. आपल्या ऑफिसचं सांगत होता. सांगू दे की! मुलं सांगतात. हिनं असं बोट वर केलं. 'पुरे,' म्हणाली. 'समजलं मला.' त्याची आई उप्पिट खात होती, तिनं चमचा तसाच ठेवला. दुसऱ्याला पण पुरे. तिसरा स्वतःच गप होता, तर म्हणाली, ह्याला काही बोलताच येत नाही."

"आणि घरी? तुमच्याशी कशी बोलते?"

"मी दोन वाक्यांत सांगते. तिसरं आलं की ती वर बघते. मग मी तुझ्या आईकडे येते. येते की नाही? तुमच्याकडे येऊन किती बोलते मी!"

पाचव्या मिनिटाला मल्लेश्वरम स्टेशनातून मालगाडीची शिटी झाली. ती रोजची होती. ज्यांना तिचा विसर पडायचा त्यांचा प्रश्न त्या आवाजात बुडायचा. कौशल्यानं आधीच आज्जींना पाण्याचा पेला दिला होता. शिटी विरली, पेला खाली आला, आणि तिनं विचारलं, "अण्णा गेले तेव्हा वेणीअक्का जवळ होती ना?"

चंद्राबाईंनी पेल्याची कड पदरानं पुसली.

"त्यांना शेवटी जुनं आठवायचं. आजोबांचे रंगाचे रांजण. निळा रंग कसा धरायचा, रांजणाला कान लावून ऐकायचे म्हणे, रंग तयार झाला की आत बुडबुडतो. तेच तेच सांगायचे. कॉटवर पडून दुसरं काय करणार? एका संध्याकाळी ही आली कॉलेजातून. त्यांनी सुरू केलं, वेणी, तो रांजण असतो ना... ही म्हणाली, 'अण्णा, हे काल झालं.'"

"मग?"

"मग काही नाही. बोललेच नाहीत त्यानंतर. पाणी हवं तरी हातानं दाखवायचे. मी म्हटलं, अहो, मला सांगा रांजणाचं, मी ऐकते. मान हलवली नुसती. तसेच गेले."

"अरेरे."

"तिला माहीत नाही. तिला वाटतं आजारानं वाचा गेली. डॉक्टर तसं म्हणाले, मीपण तसंच म्हटलं. सांगून काय करायचं?"

कल्लाप्पानं हात वर केला. सात मिनिटं झाली होती. कृष्णवेणीबाईंनी बटण दाबलं, कल्लाप्पानं मशीन थांबवलं.

काचेपलीकडे लाल दिवा लागला. चंद्राबाई ताठ बसल्या. त्यांनी घसा साफ केला, हात जोडले आणि माईकच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोलायला लागल्या. आवाज इकडे येत नव्हता, फक्त ओठ दिसत होते. पाठ केलेलं असल्यासारखे ते एका लयीत हलत होते. कौशल्या टेबलावरचे कागद गोळा करत होती. कृष्णवेणीबाईंनी काही वेळ बघितलं आणि दिवा बंद केला. चंद्राबाई शब्द अर्धा टाकून थांबल्या.

वर्गाच्या दारात कल्लाप्पा रीळ हातात घेऊन उभा राहिला. भाषा कळली नसली तरी त्याला काहीतरी कळलं होतं. "मिस, आज वाजवायला नको. उद्या एकदम वाजवू."

"उद्यापर्यंत काय टेप पिकणार आहे? लाव."

वर्गात कौशल्याखेरीज मराठी जाणणारा एकटा बसवंत होता, निपाणीकडचा. तो शेजाऱ्याच्या कानात कन्नडमध्ये सांगायचा, शेजारी पुढच्या बाकावर. त्यामुळे हसू उशिरा आणि बाकाबाकानं यायचं. रेडिओ सात वर्षं बिघडला होता, यावर पहिलं हसू आलं तेव्हा टेपवर लग्नाचं सुरू झालेलं होतं.

चंद्राबाई पहिल्या बाकावर होत्या. स्वतःचा आवाज त्यांनी आयुष्यात ऐकलेला नव्हता. "कोण बाई गं ही?" त्यांनी कौशल्याला विचारलं. "आपल्यातलीच दिसते. बरं बोलते की."

"ऐका, आज्जी."

हुबळीच्या मुलाचं आलं तेव्हा त्यांचा हात कौशल्याच्या दंडावर गेला. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही. उप्पिटाच्या चमच्यावर सगळा वर्ग हसला. मालगाडीची शिटी वाजली, रांजण आले, आणि बसवंत सांगायचा थांबला.

कृष्णवेणीबाईंनी हातानं टेप थांबवायची खूण केली. "बसवंत, का थांबलास?"

"मिस, ते घरगुती आहे."

"इतका वेळ काय सरकारी होतं? वर्गाला कळलं नाही तर वर्ग शिकणार कसा? उभा राहून सांग. मोठ्यानं."

तो उभा राहिला. कल्लाप्पा एकेक वाक्य वाजवून थांबत होता आणि बसवंत ते कन्नडमध्ये सांगत होता. अण्णा, हे काल झालं. पाणी हवं तरी हातानं दाखवायचे. तिला माहीत नाही. बसवंत आवाज खाली आणायचा, कृष्णवेणीबाई म्हणायच्या, "मागच्या बाकापर्यंत." या वेळी हसू आलं नाही.

टेप संपली. कृष्णवेणीबाई पुढे आल्या.

"पाहुणीला दिव्याचा अर्थ सांगितला होतास?"

"त्यांनी विचारलं दिवा लागला काय. मी नाही म्हटलं, मिस. लागला नव्हता."

"एवढंच विचारलं त्यांनी?"

"एवढंच."

"सरी, बरं." त्या वर्गाकडे वळल्या. "शिटीच्या आधी पाणी दिलं, शिटीनंतर प्रश्न. हे लिहून घ्या. माईक हलवला तेव्हा आवाज झाला नाही. लिहा. सहाव्या मिनिटाला ही 'अरेरे' म्हणाली. ते नको होतं. पाहुणी कोलमडते की नाही याकडे ऐकणाऱ्याचं लक्ष असतं, तू मध्ये का उभी राहतेस?"

"चुकलं, मिस."

"दिवा लावायची वेळ आली नाही. कंटाळा आला नाही. सत्तर."

मग मागून टाळ्या सुरू झाल्या आणि सगळ्यांनी धरल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणी सातवं मिनिट गाठलं होतं. टाळ्या वाजवताना मुलं पहिल्या बाकाकडे बघत होती. चंद्राबाईंनी सवयीनं हात जोडले.

बाहेर व्हरांड्यात कौशल्या त्यांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी पाय मागे घेतले.

"दिवा लागला नव्हता ना गं?"

"नव्हता, आज्जी."

"मग हे टेपात कसं गेलं?"

"इथं दिवा लागला की थांबायचं असतं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत," कौशल्या म्हणाली. तिला कारखान्याच्या ऑफिसात पाचच्या आत पोहोचायचं होतं. बस दोन ठिकाणी बदलावी लागायची. ती गेली. चंद्राबाईंना एकट्यानं चिकपेटला परत जाता येत नव्हतं, म्हणून त्या मुलीचं काम संपेपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिल्या. दुपारी बसवंतनं त्यांना कॉफी आणून दिली. त्यांनी ती घेतली, पण त्याच्याशी मराठीत एक शब्द बोलल्या नाहीत.

आत कल्लाप्पानं विचारलं, "हे रीळ ठेवू काय, मिस? सत्तर मार्कांचं आहे."

"आपल्याकडे रिळं किती?"

"धड तीन."

"मग पूस."

संध्याकाळी मायलेकी एकाच बसनं निघाल्या. जागा शेजारी मिळाली. संपिगे रस्ता मागे पडेपर्यंत दोघी बाहेर बघत होत्या. मग कृष्णवेणीबाईंनी विचारलं, "दिवा लागल्यावर काय बोलत होतीस?"

"पाठ केलेलं होतं. अण्णांचंच." चंद्राबाई मुलीकडे वळल्या. "रांजणाला कान लावायचे बघ. आत आधी काही ऐकू येत नाही. मग तिसऱ्या दिवशी..."

कृष्णवेणीबाईंनी वर बघितलं.

चंद्राबाई थांबल्या. कंडक्टर आला, त्याला त्यांनी हातानंच दाखवलं, दोन.

कौशल्याला कारखान्यानं सोमवारपासून यायला सांगितलं आणि दावणगेरीला तसं कळवण्यात आलं. परीक्षेचा दुसरा दिवस उद्या, शनिवारी. नऊ चाळीसला दिव्याची तपासणी आहे. पहिला उमेदवार नवव्या क्रमांकाचा, बसवंत. त्याच्यासाठी मशीनवर चढवून ठेवलेलं रीळ तेच आहे, आज पुसलेलं.